टेप धरा, कोपरा तपासा

आज बचत गटातल्या आम्ही तिघी बोलायला आलोय. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका बरं का. विषय आहे काटकोन त्रिकोण. शाळेत आम्हालाही तो नकोसा होता. पण गेल्या वर्षी त्यानेच आमचा पाया वाचवला.

गटाची जुनी पापडाची खोली तुमच्यातल्या काहींनी पाहिली आहे. तिच्यात फरशी बसवली तेव्हा भिंतीलगतची शेवटची ओळ एका टोकाला पूर्ण फरशीची आणि दुसऱ्या टोकाला बोटभर पट्टीची झाली. एकेक फरशी तिरकी कापावी लागली, काही फुटल्या. कपाट कोपऱ्यात बसेना. ते आजही लाकडी पाचर मारून उभं आहे. फरशीवाल्याने सांगितलं, "खोलीच गुण्यात नाही, मी काय करणार?" म्हणजे कोपरे काटकोनात नव्हते, आणि ही चूक पायाच्या आखणीपासूनची होती. सिमेंट पडल्यावर ती कोण काढणार?

म्हणून मसाल्याच्या नव्या खोलीची आखणी झाली त्या दिवशी आम्ही टेप घेऊनच गेलो. खोली 12 फूट बाय 16 फूट. खुंट्या ठोकून झाल्या होत्या, दोरी ताणली होती, फक्की मारायची बाकी होती. आमच्यातलीची दहावीतली लेक म्हणाली, "आई, कोपऱ्यापासून एका दोरीवर 6 फुटांवर खूण कर, दुसरीवर 8 फुटांवर. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर 10 फूट आलं पाहिजे."

आलं 10 फूट अडीच इंच.

आता हे 10 कुठून आलं? सहाचा वर्ग 36, आठाचा 64, बेरीज 100. दहाचा वर्गही 100. सगळ्यात लांब बाजूचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका आला, तर लांब बाजूच्या समोरचा कोन काटकोन. जास्त आला तर कोन फाकलेला, म्हणजे विशालकोन. कमी आला तर मिटलेला, लघुकोन. आम्ही सगळं इंचांत करून पाहिलं. 72 चा आणि 96 चा वर्ग मिळून 14,400. साडेबावीसावर शंभर, म्हणजे 122.5 इंचांचा वर्ग 15,006. कोपरा फाकला होता.

आमच्यातल्या एकीने तिथेच शंका काढली, आणि ती रास्त होती. शाळेत पाठ केलं ते असं, की काटकोन असेल तर वर्गांचं हे गणित जुळतं. पण गणित जुळलं म्हणून काटकोन असेलच, हे कशावरून? उलटं केलेलं प्रत्येक वाक्य खरं थोडंच असतं! गाय असेल तर चार पाय असतात, पण चार पाय असले म्हणजे गायच असं नाही.

याचं उत्तर घरी करून बघण्यासारखं आहे. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टोकांना टाचण्यांनी जोडून चौकोन करा. तो हलतो, कलंडतो. सैल खाटेची चौकट कलते ना, तसा. आता तीन पट्ट्या जोडा. तो त्रिकोण हलणार नाही. तीन लांब्या ठरल्या की त्रिकोण एकच होतो, त्याचे कोन बदलायला जागाच उरत नाही. आता 6 आणि 8 फुटांच्या बाजूंमध्ये काटकोन घेतला तर तिसरी बाजू 10 येते, हे शाळेतलं प्रमेय. मग 6, 8, 10 चा दुसरा कुठलाही त्रिकोण त्याहून वेगळा होईल कसा? पुस्तकात याला पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास म्हणतात. ग्रीक युक्लिडने पहिल्या पुस्तकात 47 वं विधान प्रमेयाचं दिलं आहे आणि लगेच 48 वं या व्यत्यासाचं.

आणि दोरीचं म्हणाल तर आपल्याकडेही हे फार जुनं आहे. यज्ञवेदी आखायचे नियम सांगणारी शुल्बसूत्रं आहेत, त्यांतला शुल्ब म्हणजे दोरीच. बौधायनाच्या शुल्बसूत्रात 3 आणि 4, 12 आणि 5, 15 आणि 8, 7 आणि 24 अशा बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत. त्यांचे कर्ण येतात 5, 13, 17 आणि 25.

तर आम्ही मिस्त्रींना सांगितलं, "दादा, कोपरा फाकलाय." ते म्हणाले, "नजरेला सरळ दिसतंय की. रस्त्याच्या कडेला धरून घेतलंय." तिथेच गोम होती. रस्ताच तिरका होता! नुसत्या दोरीला गुण्या नीट टेकत नाही, भिंत उभी राहिली की टेकतो, पण तोवर उशीर झालेला असतो. आम्ही वाद घातला नाही. टेपचं एक टोक त्यांच्याच हातात दिलं आणि खोलीचे दोन्ही कर्ण मोजायला लावले. एक निघाला 20 फूट 5 इंच, दुसरा 19 फूट 7 इंच. दोन्ही 20 हवे होते. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग 16 फुटांची एक दोरी तशीच ठेवून समोरच्या दोन्ही खुंट्या त्यांनी सहा इंच सरकवल्या. रस्त्याकडे पाचरीसारखी थोडी जागा वाया गेली, ती जाऊ दिली. आता तिथे कढीपत्ता आहे.

तुम्ही करणार असाल तर आमच्या चुका ऐकून ठेवा. नायलॉनच्या दोरीने मोजू नका, ती ताणते. टेप झोळ न देता धरा. 3, 4, 5 फूट घेण्यापेक्षा 6, 8, 10 किंवा 9, 12, 15 घ्या, कारण लहान मापात पाव इंचाची चूक जास्त नडते. नुसते दोन कर्ण सारखे आले म्हणून खूश होऊ नका, समोरासमोरच्या भिंतीही सारख्या हव्यात. आणि खोली 10 बाय 15 असेल, तर 100 आणि 225 मिळून 325, त्याचं वर्गमूळ मोबाइल दाखवतो 18.03. आम्ही ते 18 फूट 3 इंच समजलो आणि बरोबर असलेला कोपरा चुकीचा ठरवून बसलो! पॉइंटनंतरचे आकडे इंच नव्हेत, ते फुटाचे भाग असतात. 0.03 ला बाराने गुणलं की जेमतेम तिसरा हिस्सा इंच येतो.

नव्या खोलीत फरशी बसली, शेवटची ओळ टोकापासून टोकापर्यंत सारखी आली. मिस्त्रींनी त्यानंतर शेजारच्या वाडीत घराची आखणी घेतली, तेव्हा सकाळीच फोन आला, "ताई, टेप धरायला याल का जरा?"