धुऱ्यावरचा तरोटा
(वाशीम जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. धुऱ्यावर आपोआप उगवणाऱ्या तरोट्यावर बोलणार आहोत. हसू नका. पश्चिम महाराष्ट्रात यालाच टाकळा म्हणतात. मृगाचा पाऊस पडला की याची कोवळी पानं आपल्या घरात भाजीला शिजतात. झाड मोठं झालं की उग्र वास येतो, जनावर तोंड लावत नाही, अन् आपणही त्याला विसरतो.

तरोटा तुरी-मुगासारखा शेंगांच्या कुळातला. म्हणून कोणी म्हणतं, हा जमिनीला नत्र देतो. तसं नाही. तुरीच्या मुळावर नत्राच्या गाठी धरतात, तरोट्याच्या मुळावर धरत नाहीत. कापूस-ज्वारीच्या तासात तो राहिला तर पिकाचं पाणी अन् खत खाणार. वावरात डवरा अन् निंदण चालूच ठेवा.

धुरा, पांदण, गावठाणाची पडीत जागा, यांचा हिशेब वेगळा. तिथं आज गाजर गवत बसलं आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसलं, आता रिसोडपासून कारंजापर्यंत कुठलं गाव त्यातून सुटलं? अंगाला खाज, छातीला दमा, अन् जनावरालाही ते चालत नाही. तरोटा दाट उगवला तर त्याच्या सावलीत गाजर गवताचं रोप डोकं वर काढत नाही. कृषी विद्यापीठंही हाच उपाय सांगतात.

काम सोपं आहे. पावसाळा सरला की शेंगा वाळतात. त्या तडकायच्या आत तोडा, बी झोडून ठेवा. पुढच्या पावसाच्या तोंडावर गाजर गवताच्या जागी दाट फेका. गाजर गवत मात्र फुलावर येण्याआधी, हात झाकून उपटा.

उरलेलं बी फुकट नाही. त्याच्या गराची डिंकासारखी भुकटी होते. कारखान्यात ती पदार्थ घट्ट करायला वापरतात. ऊन खात शेंगा तोडतात आपल्या मायबहिणी, अन् भाव सांगतो दारात आलेला व्यापारी. एकेकटीनं मापानं विकू नका. गावाचं बी एकत्र करा, काट्यावर मोजा, दोन बाजारांत भाव विचारा, मगच द्या.

पेरणी नाही, फवारणी नाही, कर्ज नाही. खर्च फक्त आपल्या घामाचा. त्या घामाचा भाव तरी आपण लावून घेऊ. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावानं किती बी जमलं अन् काय भावानं गेलं, तो आकडा लिहून आणावा.