फरशीआधी जमीन बघा



स्वयंपाकघरात फरशी घालायची ठरली की आपण दुकानात जातो, रंग बघतो, दर विचारतो. पण फरशी टिकणार की उखडणार, ते तिच्या खाली काय आहे त्यावर ठरतं. आज त्याबद्दलच बोलू या.

महाबळेश्वरात वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पठारावर जांभा दगड आहे. त्यात पाणी मुरतं आणि ओल वर चढते. घराचं काम मात्र आपण काढतो उन्हाळ्यात, स्ट्रॉबेरीचे पैसे हातात आल्यावर. तेव्हा जमीन कोरडी ठणठणीत दिसते आणि आपण फसतो. म्हणून ओल बघावी श्रावणात आणि काम काढावं पाऊस सरल्यावर.

ओल कशी बघायची? दोन फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिक जमिनीवर पसरा. चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब धरले असतील किंवा खालची जमीन काळपट झाली असेल, तर ओल वर येते आहे असं समजा. मग काठीने सगळी जमीन ठोकून बघा. आवाज पोकळ आला, तर तिथलं खालून सुटलेलं आहे.

आता तीन रीती सांगते.

पहिली. जुना कोबा किंवा शहाबादी फरशी कोरडी, सपाट आणि पक्की आहे. मग तेलकटपणा धुऊन काढा, टाचे मारून घ्या आणि वरच फरशी चिकटवण्याच्या केमिकलने नवी फरशी बसवा. खर्च कमी येतो. पण जमीन वर येते, तेव्हा दार अडकणार नाही ना, ते आधी मोजा.

दुसरी. कोबा पक्का आहे, पण उंचसखल आहे किंवा पाणी मोरीकडे जात नाही. मग टाचे मारून वाळू-सिमेंटच्या मालाचा थर द्या, ढाळ नीट करून घ्या आणि वर फरशी बसवा.

तिसरी. जमीन सारवणाची आहे किंवा ओल येते. इथे वरवरचं काम चालत नाही. मऊ माती काढा, मुरूम भरून पाणी मारून धुमसा, दगडाचं सोलिंग करा. त्यावर वाळूचा पातळ थर, मग जाड प्लॅस्टिकचा कागद, वर तीन-चार इंच काँक्रीट. निदान 7 दिवस पाणी मारा. सांगलीकडच्या काळ्या मातीच्या गावांतही हीच रीत धरा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची फरशी तडकते.

तिसऱ्या रीतीला पैसे जास्त लागतात. गटाचं कर्ज तेवढं पुरत नसेल, तर या वर्षी जमीन आणि कोबा पक्का करा, फरशी पुढच्या वर्षी घाला. मधला पावसाळा गेला की ओल थांबली का, तेही कळेल. ओल्या जमिनीवर घातलेली महाग फरशी उखडली, तर फरशी जाते आणि हप्ता मात्र राहतो.

गवंडीदादांना काम देताना दोन गोष्टी आधीच सांगा. केमिकल फरशीखाली सगळीकडे पसरून लावायचं, नुसते गोळे ठेवायचे नाहीत. आणि फरशी खरखरीत हवी, गुळगुळीत नको. ओल्या पायांनी हंडा घेऊन त्यावरून आपल्यालाच चालायचं आहे.