पंचायतीला उभे राहताना

श्रोतेहो, शहरात उमेदवाराला मतदार ओळखू येत नाही. खेड्यात तो त्याच्या आजोबांनाही ओळखतो. मत कुणाला पडले हे यंत्र सांगत नाही, पण पारावर अंदाज बांधले जातातच.

माझे वडील एकदा पंचायतीला उभे राहिले. समोर सख्खा चुलतभाऊ. वडील नऊ मतांनी पडले, आणि पुढे दोन वर्षे एका भिंतीची दोन घरे बोलली नाहीत. पाणी मात्र एकाच विहिरीचे! शेवटी आजीच्या दहाव्याला काका आले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "गटारीचं काम चांगलं केलंस." तेवढ्यावर अढी सुटली.

म्हणून उभे राहणाऱ्याने आधी भाऊबंदांच्या घरी जाऊन सांगावे, मग अर्ज भरावा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, मतदारयादीत नाव हवे. पंचायतीच्या कराचे बिल हाती पडल्यावर ३ महिन्यांत भरले नाही, तर अपात्रता येते. हरलात तरी खर्चाचा हिशेब मुदतीत द्यावाच लागतो, बरं का! निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तेव्हा सही तिची अन् कारभार नवऱ्याचा, हे शोभत नाही.

आणि पडलात तर? ग्रामसभा आहेच. गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद. तिथे उठून जमाखर्च विचारा, चांगल्या कामाला चांगलं म्हणा. निवडणूक एका दिवसाची, मंडळी, शेजार जन्माचा.