जागा राखीव, मतं कुणाची?

(बेंगळुरूतील मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्तुळात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. निवडणूक आली की गावाकडच्या फोनवर आपण एक वाक्य हमखास बोलतो, "आपली माणसं पाचशे रुपयांवर मत विकतात." मीही बोलले आहे, माझ्या आईला.

2019ची लोकसभा. सोलापूर, राखीव मतदारसंघ. काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे, भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी आणि वंचितचे बाळासाहेब आंबेडकर. भावाचं ठरलेलं होतं, मत बाळासाहेबांनाच. आई म्हणाली, "वस्तीत मारहाण झाली तर पोलीस ठाण्यात कोण येतं, ते बघून मी शिक्का मारते." मी तिला फोनवरून विचारधारा शिकवली. निकालात बाळासाहेबांना सुमारे 1 लाख 70 हजार मतं पडली, शिंदे सुमारे 1 लाख 58 हजारांनी हरले. भावाला लोक म्हणाले, तुमच्यामुळे भाजप आला. आईला म्हणाले, तुम्ही समाजाशी गद्दारी केली. दोघांचं मत वेगळं, पण शिवी दोघांनाही.

इथे कर्नाटकात आल्यावर मला आईचं म्हणणं नीट कळलं. चामराजनगर जिल्ह्यातला कोल्लेगाल मतदारसंघ घ्या. 2018 मध्ये तिथून बसपाचे एन. महेश निवडून आले. राज्यात पक्षाची ती एकच जागा. आधीचे पराभव पचवून मिळवलेली, पण जेडीएसशी युती करून. ते शिक्षणमंत्री झाले, काही महिन्यांतच राजीनामा दिला. 2019 च्या विश्वासदर्शक ठरावाला गैरहजर राहिले म्हणून पक्षाने काढलं. 2021 मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि 2023 मध्ये हरले. हरवणारे काँग्रेसचे ए. आर. कृष्णमूर्ती. हेच कृष्णमूर्ती 2004 मध्ये संतेमरहळ्ळीत ध्रुवनारायण यांच्याकडून फक्त एका मताने हरले होते.

आपण म्हणतो, माणूस फुटला. मान्य. पण रचनाही बघा. 1932 च्या पुणे करारात निदान प्राथमिक निवडणूक होती. चार उमेदवारांची निवड अस्पृश्य मतदार करणार, मग त्यांतला एक सगळे मिळून निवडणार. संविधानानंतर तीही उरली नाही. आज राखीव जागेवर उमेदवार आपला असतो, पण त्याला निवडणारे बहुसंख्य मतदार इतर जातींचे असतात. म्हणून तिकीट देताना पक्ष विचारतो, हा इतरांना चालेल का? वस्तीला कोण चालेल, हा प्रश्न नंतरचा.

शिवाय 'दलित मत' असा एक गठ्ठा नसतोच. कर्नाटकात होलेय आणि मादिग, म्हणजे उजवे आणि डावे, यांचं राजकारण वेगळं आहे. अंतर्गत आरक्षणासाठीचा सदाशिव आयोग 2005 चा, अहवाल 2012 चा. तो वर्षानुवर्षं पडून राहिला. 2023 च्या निवडणुकीच्या तोंडावर भाजप सरकारने वर्गीकरणाची शिफारस केली, तेव्हा मादिगांना आशा वाटली आणि बंजारा समाजाने शिकारीपुऱ्यात येडियुरप्पांच्या घरावर दगड मारले. पुढे 2025 मध्ये काँग्रेस सरकारने 17 टक्क्यांची 6-6-5 अशी वाटणी ठरवली. एखादा मादिग तरुण या प्रश्नावर मत ठरवत असेल, तर तो विकला गेला असं म्हणायचं का? आपल्याकडे मातंग समाज हेच विचारतो, तेव्हा आपण बौद्ध घरातली मुलं किती शांतपणे ऐकतो? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारते.

2023 मध्ये इथल्या 36 राखीव जागांपैकी 21 काँग्रेसला, 12 भाजपला, 3 जेडीएसला गेल्या. या आकड्यांवरून आमदार कुणाचे ते कळतं. वस्तीने कुणाला निवडलं ते कळत नाही. ते शोधायचं साधन आहे फॉर्म 20. त्यात बूथनिहाय मतं असतात. आपल्या गावाचा काढा. आपल्या वस्तीच्या बूथवर जिंकलेला आमदार पहिला होता की तिसरा, ते बघा. मग आईला, मावशीला, शेजारच्या मातंग वाड्यातल्या काकांना विचारा, का दिलं मत? आणि उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलू नका.

मी आईला ते विचारलं, पण पाच वर्षं उशिरा. ती म्हणाली, "तेव्हा तू विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस."

जय भीम.