शपथ आणि शुचिता
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गतकाळाचें गुणगान करावें, असा प्रघात आहे. मी मात्र आज माझी एक चूक आपणांपुढें मांडणार आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, मीं युवकांचें ध्यानशिबिर घेतलें व अखेरीस विवाहापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याची लेखी शपथ सर्वांकडून वेदीपुढें घेवविली. एकही चिठी कोरी परत आली नाहीं, याचा मला मोठा अभिमान वाटला. पुढें त्यांतील एक तरुण मिस्सेला दिसेनासा झाला. दोन वर्षांनीं रस्त्यांत भेटला तेव्हां म्हणाला, "फादर, शपथ मोडली, आतां कोणत्या तोंडानें देवळांत येऊं?" ज्या चिठीनें त्याला देवाजवळ आणावयाचें, तिनेंच त्याला दूर लोटलें होतें.

अशीच शपथ अमेरिकेंतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनीं १९९३ सालीं सुरू केली. १९९४ च्या जुलैंत वॉशिंग्टनच्या मैदानांत दोन लाखांहून अधिक शपथपत्रें मांडलीं गेलीं. बेअरमन व ब्रूक्नर या समाजशास्त्रज्ञांनीं २००१ सालीं दाखविलें कीं, शपथ घेणारीं मुलें सरासरीनें सुमारें दीड वर्ष अधिक थांबलीं. परंतु जेथें फार मुलांनीं ती घेतली, तेथें तिचा प्रभाव ओसरला. जी गोष्ट सगळेच करितात, ती मनापासून कोण करितो? २००९ सालीं जॅनेट रोझेनबॉम यांनीं धर्मनिष्ठा, घरचें वळण व विचार यांत सारखींच असलेलीं, परंतु कांहीं शपथ घेतलेलीं व कांहीं न घेतलेलीं, अशीं मुलें ताडून पाहिलीं. पांच वर्षांनीं त्यांच्या आचरणांत फरक आढळला नाहीं. आणि शपथ घेतलेल्यांपैकीं शेंकडा ८२ जण आपण ती घेतलीच नव्हती, असें सांगत होते!

याचा अर्थ शुचिता व्यर्थ आहे, असा नव्हे. कागदाच्या आधीं घरांत व अंतःकरणांत जें रुजलेलें असतें, तेंच मुलाला सांवरतें. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथांतही हेंच सांगितलें आहे: आत्मसंयम हें स्वातंत्र्याचें शिक्षण आहे, तें दीर्घ काळ चालतें, एकदांच साधून संपत नाहीं, व वाटेंत पतनेंही घडतात. समाजाची जोडही त्याला लागते.

म्हणून, आईबापांनो, आपणांस विचारतों. सकाळच्या गाडीनें जाऊन रात्रीं परतणाऱ्या आपणांस मुलाशीं चार शब्द बोलावयास सवड आहे काय? मुलीवर शंभर बंधनें आणि मुलाला मोकळें रान, हा न्याय कोणत्या शुभवर्तमानांतला? शरीराविषयीं मुलानें प्रश्न विचारला, तर आपण उत्तर देतों कीं डोळे वटारतों? आपण गप्प राहिलों तर उत्तर देणारे दुसरे पुष्कळ आहेत, आणि त्यांना आपल्या लेंकरांची माया नाहीं.

मीं पुन्हां तशी चिठी लिहवून घेतली नाहीं. मुलांना मी आतां एवढेंच सांगतों: थांबा, कारण तुम्ही मोलाचीं आहां, आणि पडलांत तरी या, कारण दार उघडें आहे.

तो तरुण त्या संध्याकाळीं माझ्याबरोबर देवळाच्या पायरीपर्यंत आला. पुढचें सांगण्याचा मला अधिकार नाहीं.

पवित्र मरियामाता आपल्या मुलांचें रक्षण करो, व आपणां वडील माणसांना धीर आणि प्रेमळ वाणी देवो. आमेन.