कर्जाचा कागद घरात उघडा ठेवा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'आर्थिक नियोजन' हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. नियोजन हे ज्याच्या हातात पैसा उरतो त्याचं. आपण सगळे पन्नाशी ओलांडलेले आहोत, पोरांची शिक्षणं आणि लग्नं चालू आहेत, आणि बहुतेक घरांत कसला ना कसला हप्ता आहे. मी बँकेत अठ्ठावीस वर्षं कर्ज विभागात काढली. तेव्हा बोलतो ते कर्जाबद्दलच.

आपल्यातला एक जण आज आलेला नाही. नाव घेत नाही. तो इथून फार लांब राहत नाही. आपल्यापैकी तिघा-चौघांचे हातउसने पैसे त्याच्याकडून फिटले नाहीत, म्हणून तो आपल्याला टाळतो. सगळी मिळून ती रक्कम एका जुन्या मोटारसायकलीएवढीही नाही. कर्जाने असं होतं. माणूस आधी लग्नकार्याला यायचा बंद होतो, मग बाजारातला रस्ता बदलतो. सल्ला देणारं कुणी जवळ उरत नाही, आणि मग तो सगळ्यात महाग पैसा उचलतो.

बँकेत मी हेच पाहिलं. सोनं गहाण ठेवायला नवरा यायचा आणि हळू आवाजात सांगायचा, "साहेब, घरी फोन करू नका." ज्या घरात बायकोला, कळत्या पोरांना सगळा आकडा माहीत असायचा, ती घरं बहुधा सावरायची. म्हणून पहिलं काम म्हणजे एक कागद घ्या. कुणाचे, किती, काय व्याजाने, काय गहाण. त्यात फक्त बँक आणि सोसायटी लिहू नका. कृषी सेवा केंद्राची कापसावरची उधारी, उचललेली भिशी, बायकोच्या नावावरचं बचत गटाचं कर्ज, पोराच्या मोबाइलचा हप्ता, सगळं लिहा. आणि तो कागद घरातल्यांसमोर वाचा.

मग प्रत्येक व्याज वर्षाचं करून लिहा. आपल्याकडे 'शेकडा तीन' म्हणतात आणि तीन हा आकडा बारीक वाटतो. पन्नास हजारांवर महिन्याला 1,500, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. तीन वर्षं भरायच्या आत मुद्दलाएवढं व्याज जातं आणि मुद्दल तसंच उभं राहतं. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटाचा नियम होता, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागायचं नाही. त्या लोकांनाही हा हिशेब दिसत होता.

'फ्लॅट' व्याज त्याचाच भाऊ. एक लाख, बारा टक्के फ्लॅट, चोवीस हप्ते. हप्ता येतो 5,167 रुपये. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर देता. घटत्या शिलकीवर मोजलं तर ते साडेएकवीस टक्क्यांच्या वर पडतं.

आता नवं-जुनं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बसलेले निम्मे तरी शेतकरी आहेत. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर आपल्या राज्यात ते शून्य टक्क्याने पडतं. यापेक्षा स्वस्त पैसा जगात नाही. पण मार्चअखेर आली की हातात पैसा नसतो. मग कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी एक लाख वीस हजार घेऊन खातं भरायचं आणि नवं कर्ज उचलून त्याचे फेडायचे. तो माणूस दिवस मोजत नाही, महिना धरतो. शेकडा तीनने 3,600 रुपये. नवं कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला तर दुसरा महिना लागतो, 7,200. झालं बिनव्याजी कर्ज! यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. कापसाची, तुरीची पट्टी हातात पडली की त्याच आठवड्यात पीककर्ज खात्यात भरणा करा. तुकड्यातुकड्याने चालतो. आणि 2012-13 सारखं वर्ष आलं, मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या तसं, तर दुष्काळ जाहीर झाल्यावर कर्जाचं पुनर्गठन मागा. लेखी मागा, पोच घ्या.

आपल्या गुरुजींनी इतिहासात 1875 चे दख्खनचे दंगे शिकवले होते. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरुवात झाली. लोकांनी सावकारांच्या घरांतून शोधली ती मुख्यतः कर्जाची खतं, आणि ती जाळली. ज्या कागदावर अंगठा दिला त्यात काय आहे हे त्यांना वाचता येत नव्हतं. चार वर्षांनी कायदा आला, त्यात पावती आणि हिशेब मागायचा हक्क मिळाला. आपला भाग तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तो कायदा आपल्याला नव्हता. आज आपल्याला वाचता येतं, तरी मोबाइलवर न वाचता अंगठा देतोच! 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकेने आणि वित्त कंपनीने कर्जाआधी मुख्य तथ्यांचं पत्रक, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, द्यायचं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर असतो. तेवढी एक ओळ वाचा. आणि जे ॲप कर्ज देताना तुमची फोन नंबरांची यादी मागतं, ते काढून टाका. तशी मागणी करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

खाजगी सावकारीत जमीन गेली असेल तर 2014 चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि सावकारीतूनच जमीन गेली हे सिद्ध झालं तर ती परत मिळू शकते.

फेडायचं कोणतं आधी? सर्वांत जास्त व्याजाचं, हे सरळ गणित. बचत गट किंवा पतपेढीतून कमी दराने मिळत असेल तर घेऊन शेकड्याचं आधी मोडा, पण मग त्या माणसाकडे पुन्हा जायचं नाही. गणिताप्रमाणे बिनव्याजी हातउसने सगळ्यात शेवटी यायला हवेत. इथे मी गणित मोडतो. मित्राचे पाच हजार आधी द्या, महिन्याला पाचशेने द्या, पण द्यायला लागा.

एकदा सुटलात की पुन्हा अडकवणाऱ्या गोष्टी मोजक्याच. दवाखाना, लग्न आणि जामीन. दवाखान्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती ठरावीक आजारांना आणि ठरावीक रुग्णालयांत चालते. यादी आजच पाहून ठेवा, रात्री दोन वाजता नाही. लग्नाबद्दल मी काय बोलणार, आपण सगळे एकमेकांच्या मांडवात जेवलोय. जामीन मागणाऱ्याला मात्र एवढंच विचारा की उद्या हे कर्ज मलाच भरावं लागलं तर मी भरू शकतो का? उत्तर नाही असेल तर सही करू नका. तो चार महिने रुसेल.

जेवणानंतर मी आपल्या जुन्या दहावीच्या वर्गात बसणार आहे. ज्याला कागद मांडून पाहायचा असेल त्याने यावं, दार लावून बसू. आणि न आलेल्या त्या मित्राला तुमच्यापैकी ज्यांनी पैसे दिले होते, त्यांनी आज संध्याकाळी त्याला फोन करावा. पैशांचा विषय काढू नका. फक्त जेवण कसं झालं ते सांगा.