डिस्चार्जच्या कागदावर आपली सही



घरातला पहिला पदवीधर म्हणजे घरचा कायमचा अर्ज लिहिणारा. पण एक कागद त्यालाही जड जातो. डॉक्टर म्हणतात, “इथे आता उपचार उरले नाहीत, पॅलिएटिव्ह केअरला हलवा.” सगळं घर आपल्या तोंडाकडे बघतं.

घरच्यांना वाटतं, आपल्याला हाकलताहेत. हा संशय खुळा नाही. दवाखान्याच्या दारातून परत पाठवल्याच्या आठवणी आपल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून फरक ओळखायला शिकू. खाट रिकामी करून घेणं वेगळं, वेदना कमी करणाऱ्या हातांत माणूस सोपवणं वेगळं. तिथे जागा ठरली आहे का, वेदनेचं औषध कोण देणार, रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा, हे लिहून मागा. ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशा फॉर्मवर न वाचता सही करू नका.

वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातले कॅन्सर रुग्ण विनामूल्य सांभाळतं. केरळनं २००८ मध्ये अशा शुश्रूषेचं राज्य धोरण केलं. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून रुग्णांसाठी मॉर्फिनची वाट सोपी केली गेली. तरी कुणाची वेदना थांबणार, हे अजून पत्ता आणि पैसा ठरवतो. आणि आपल्याकडे पत्ता बहुधा जात ठरवते.

शेवटचं एक. सही करण्याआधी आजारी माणसाला विचारा. जन्मभर त्याला कुणी फारसं विचारलेलं नसतं.

जय भीम.